शेणाचा पैसा सुनेचा

दिवस कासराभर वर आला की कंपनीच्या भिंतीवर ऊन सांडायचं. भिंत लांबलचक, पिवळीधम्मक. तिच्या आत काचेच्या इमारती, कारंजी, कापलेली हिरवळ. आणि बाहेरच्या अंगाला मुक्ताईच्या गोवऱ्या. एकीला एक लागून, ओळीनं, पाच बोटांचे ठसे घेऊन बसलेल्या. हिंजवडीत आता शेत राहिलं नव्हतं, खळं राहिलं नव्हतं. पण मुक्ताईच्या गोठ्यात अजून तीन म्हशी होत्या, आणि म्हशींना काही कुणी सांगितलं नव्हतं की गाव सरलं म्हणून.

त्या दिवशी ती पाटीभर शेणात गव्हाचा भुसा कालवत होती. कोपरापर्यंत हात माखलेले. पदर कमरेला खोचलेला. कानात लेकीनं घेऊन दिलेली फोनची बोंडं, आणि बोंडांतून लांबच्या कुठल्या तरी मास्तरीणबाई भागीदारीचे हिशेब शिकवत होत्या. मुक्ताई गोळा उचलायची, तळहातावर तोलायची, भिंतीला थाप मारायची. बाई म्हणायच्या, "समजलं का सगळ्यांना?" मुक्ताई थाप मारता मारता म्हणायची, "व्हय, व्हय."

"ताई, कुनाशी बोलताय?" फाटकावरच्या उत्तरेश्वरनं विचारलं. हा बार्शीकडचा, इथं पहारेकरी. साहेबाची गाडी आली की गोवऱ्यांकडं पाठ करून उभा राहायचा, म्हणजे त्याला त्या दिसल्याच नाहीत असं व्हायचं.

"बाईंशी. मागल्या वर्साच्या उजळनीचा तास चाललाय."

"बाईस्नी ऐकू जातंय व्हय?"

"न्हाय. पन मला सवय लागली. विचारल्यावर बोलावं लागतंच की मान्साला."

उत्तरेश्वर हसला आणि आभाळाकडं बघून म्हणाला, "वर जरा गढूळ दिसतंय. होळीपतुर वाळतील न्हवं?"

मुक्ताईनं वर बघितलं. फाल्गुनाचं आभाळ असं नसतं. कडेकडेनं काळपट, मधे फिकट, जसं नीट न धुतलेलं फडकं. तिनं पुढची थाप घाईनं मारली.

कारण या वर्षीच्या गोवऱ्या नुसत्या गोवऱ्या नव्हत्या. ती मुक्ताईची फी होती.

बारावी होऊन तिचं लगीन झालं आणि वह्या माळ्यावर गेल्या. गेल्या साली अडतिसाव्या वर्षी तिनं ऑनलाइन बी.कॉम.ला नाव घातलं. पहिल्या वर्षाची फी नवऱ्यानं, हिंमतरावनं भरली. तो कंपनीची बस चालवायचा. पहिलं वर्ष ती पास झाली. पण यंदा लेक अपेक्षाही कॉलेजात गेली, आणि हिंमतरावच्या खिशाचा तळ दिसला. तो वाईट तोंड करून म्हणाला होता, "एका वर्सात दोघींची कशी भरू गं?" त्यावर मुक्ताई म्हणाली, "लेकीची तुमी भरा. माजी मी भरते." दुसऱ्या वर्षाची फी भरायचा शेवटचा दिवस नेमका होळीचा होता. तो चुकला तर वर्ष गेलं. आणि या वयात गेलेलं वर्ष परत माघारी येईल, याचा तिला भरवसा नव्हता.

त्यांच्या आळीत एक रीत होती. दुधाचा पैसा घराचा, शेणाचा पैसा सुनेचा. होळीच्या गोवऱ्यांचं जे येईल, त्याला सासूनं हात लावायचा नाही, नवऱ्यानं विचारायचं नाही. पण रीत म्हटली की तिला एक शेपूट असतंच. त्या पैशाची जी वस्तू सून आणेल, ती होळीच्या सांजेला देवापुढं पाटावर मांडायची. आळीतल्या बायका यायच्या, वस्तूला हळदकुंकू लावायच्या, ओवी म्हणायच्या. पाट रिकामा ठेवायचा नाही. कुणी हंडा मांडला, कुणी जोडवी, अलीकडं कुणी मिक्सर.

सासू इंदुबाईचा सगळा जीव त्या शेपटात अडकला होता.

"फी म्हंजे दिसती कशी?" दुपारी मुक्ताई भाकरी थापत असताना म्हातारीनं पुन्हा काढलं. "गोल असती का चौकोनी?"

"आत्याबाई, ती वस्तू न्हाय. भरायची असती."

"कशात?"

"फोनमधनं."

"फोनमधनं भरायची, फोनमधी ऱ्हायाची. मग पाटावर काय ठिवशील? धूर?"

"बघू की तवा."

"बघू न्हाय. आपल्या घराचा पाट कंदी रिकामा ऱ्हायला न्हाय. मी नवी नवरी असताना पितळी घंगाळ मांडलंवतं, आळी लोटलीवती बघायला. तू आपली एक चांगली कढई आन. फीचं पुढल्या साली बघ. शाळा काय पळून चाललीय?"

मुक्ताईनं तव्यावरची भाकरी उलटली, चुलीच्या तोंडाशी लावली. भाकरी टम्म फुगली आणि म्हातारी तिच्याकडं बघून गप झाली. चांगल्या भाकरीपुढं इंदुबाईचं भांडण टिकायचं नाही, एवढं मुक्ताईला वीस वर्षांत कळलं होतं.

तिसऱ्या प्रहरी वारं सुटलं. आधी धूळ आली, मग पत्रे वाजले, मग ढगानं एकदम घसा खाकरला. मुक्ताई पाटी घेऊन भिंतीकडं पळाली. अर्ध्या वाळलेल्या गोवऱ्या उलथण्यानं खरवडायच्या, पाटीत रचायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि घराकडं धावायचं. टपोरे थेंब पाठीवर खड्यांसारखे लागत होते. तिसऱ्या खेपेला तिला समोरून कुणी तरी वाकून येताना दिसलं. इंदुबाई. डोक्यावर पोतं पांघरलेलं, पदराची झोळी केलेली.

"आत्याबाई, तुमी कशाला? पडाल!"

"पडले तर तूच उचलशील. भर लवकर झोळीत. वरल्या ओळीच्या आधी घे, त्या सुकल्यात."

दोघी भिजून चिंब झाल्या. घरात बाजेखाली गोवऱ्या, कपाटावर गोवऱ्या, फ्रिजच्या डोक्यावर गोवऱ्या. देवघरापुढची तेवढी जागा म्हातारीनं मोकळी ठेवली. पण भिंतीवर ज्या राहिल्या त्यांची खीर झाली, आणि ज्या घरात आल्या त्याही पोटातून ओल्या होत्या. बोटानं दाबली की बोट आत जायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं ते आजाऱ्यासारखं, आणि संध्याकाळी पुन्हा पाऊस. पलीकडच्या टॉवरच्या मॅनेजरनं फोन केला. दरसाल होळीच्या गोवऱ्या तोच घ्यायचा. "ताई, यंदा नको. ओल्या गोवरीचा धूर होतो, आमच्या लोकांचे लगेच ग्रुपवर मेसेज पडतात." फोन ठेवून मुक्ताई गोठ्यात गेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. म्हशीनं मान वळवून बघितलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि जागच्या जागी आणखी शेण टाकलं.

मुक्ताईला रडू येता येता हसू आलं. "तुजं बरं हाय बया," ती म्हणाली. "तू कामात कसूर करत न्हाइस."

रात्री जेवताना हिंमतराव बोट चाटत एकदम म्हणाला, "आमच्या गाडीत दुपारी बसवत न्हाय बघ."

"मग?"

"काचा बंद केल्या ना, की आत भट्टी हुती. परवा माजा प्लास्टिकचा डबा वाकडा झाला डॅशबोर्डावर. जरा जरी ऊन असलं तरी आत तापतंय."

मुक्ताईनं घास हातात तसाच धरला. नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. कोपऱ्यातून इंदुबाई म्हणाली, "कंपनीच्या गाडीत शेन? नोकरी जाईल मुडद्या."

"सकाळी नवाला मानसं उतरली की संध्याकाळी सहापतुर गाडी आपल्याच दारात हुबी असती. खाली पेपर घालू. पाच वाजता काढून घिऊ. कुनाला कळतंय?"

आता ही चूक ज्याच्या घरात शेण आणि बस दोन्ही आहे, अशाच माणसाच्या हातून व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बस दाराशी लागली, आणि दोघं पाट्या घेऊन चढली. सीटवर पेपर, पेपरवर गोवऱ्या. खिडकीशी गोवऱ्या, मधल्या वाटेत गोवऱ्या, मागच्या लांब बाकावर तर दाटीवाटीनं, लग्नाच्या वऱ्हाडासारख्या. मुक्ताईनं मागं वळून बघितलं आणि ती हसत सुटली.

"अवं, सगळ्या कशा गुमान बसल्यात! तुमच्या इंजिनेरांपरीस बऱ्या."

"आन् एकीच्या बी हातात फोन न्हाय," हिंमतराव म्हणाला.

काचा बंद झाल्या. दुपारी मुक्ताईनं दार जरासं उघडलं तर आतून अशी वाफ आली, जसं भात शिजल्यावर झाकण काढावं. सांजेला पुन्हा सरी पडल्या, पण गोवऱ्या तोवर घरात होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोवऱ्या हलक्या झाल्या, रंगानं फिकट झाल्या, कडा खडखडीत. होळीच्या दिवशी शेवटचं ऊन दाखवायचं, आणि दुपारी चौकात नेऊन विकायच्या, असं ठरलं.

होळीच्या दिवशी बाराच्या सुमाराला हिंमतरावचा फोन वाजला. तो न्हाणीत होता, मुक्ताईनं उचलला. सुपरवायझर ओरडत होता, "हिंमतराव कुठंयत? साहेबांनी हाफ डे दिलाय! कोथरूडची माणसं खाली येऊन थांबलीत. दहा मिनिटांत गाडी गेटवर पाहिजे!"

हिंमतराव साबणाच्या अंगानं शर्ट चढवत धावला. गोवऱ्या उतरवायला अर्धा तास लागला असता. मुक्ताईनं गोठ्यातली रिकामी पोती ओढली आणि बसमधे चढली.

"तू कुटं?"

"तुमी गाडी हाना. मी भरते."

इंदुबाई दारातून ओरडली, "अगं, सांजेला पाट!" पण बस निघाली होती.

बस हलत होती, मुक्ताई भरत होती. पेपर गोळा करायचे, सीट पदरानं झटकायची, पोतं पुढं ओढायचं. गेट येईस्तोवर सगळी पोती मागच्या बाकाशी गेली, आणि ती त्यांच्यापुढं पाय रोवून, घामानं निथळत उभी राहिली. गोवऱ्या झाकल्या, वासाला पोतं कुठलं घालायचं?

माणसं चढली. पहिली दोघं पायरीवरच थांबली. एका मुलीनं ओढणी नाकाला लावली. कुणी म्हणालं, "व्हॉट इज धिस, यार?" मग पन्नाशीचे एक गृहस्थ चढले, डोक्यावर मोजके केस, हातात डब्याची पिशवी. हे यज्ञेश्वर परांजपे, अकाउंट्समधले, कोथरूडला आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "हिंमतराव, आज अत्तर कुठलं मारलंय?"

हिंमतरावची मान खाली गेली. "साहेब, चूक झाली."

"चूक नाही, निवड म्हणा. आम्हाला विचारलं असतंत तर मोगरा सुचवला असता."

मागं हशा पिकला. मुक्ताईचे कान तापले. तिचे हात कोपरापर्यंत भुरकट होते, पदराला भुसा चिकटला होता, आणि सगळी बस तिच्याकडं वळून वळून बघत होती. ती खिडकीबाहेर बघू लागली. उतरावं म्हटलं तर बस चौकात येऊन अडकलेली. पुढं गाड्या, मागं गाड्या. हिंजवडीचा चौक एकदा धरला की सोडत नाही.

पाच मिनिटं गेली. परांजपे उठले आणि मागं आले. "बाई, आहे काय त्या पोत्यांत?"

"गोवऱ्या," मुक्ताई म्हणाली.  "पावसानं भिजल्यावत्या. वाळाया ठिवल्या. यांची चूक न्हाय, साहेब. माज्यापायी झालं. तक्रार करू नका."

"तक्रार मी लिहिली आहे. पाठवायची बाकी आहे. एक दाखवा बघू."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं, एक काढून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, उलटी केली, पाच बोटांच्या ठशाकडं बघितलं, नाकाजवळ नेली. मागून ओढणीवाली मुलगी म्हणाली, "सर, प्लीज!"

"थांब गं. आमच्या सोसायटीनं होळीसाठी ऑनलाइन मागवल्यात. खोक्यातून आल्या. प्रत्येकीला वेगळं वेष्टण, आत सूचनापत्रक. पापडाएवढ्या पातळ. त्या पेटणार कशा, चार्ज करून?" मग मुक्ताईकडं वळून, "भाव काय?"

मुक्ताईनं भाव सांगितला.

"फार आहे."

"सासू-सुना दोघी भिजलोय, साहेब."

"भिजण्याचे पैसे मी का द्यावेत? मी छत्री नेतो. बरं, कशाला हवेत एवढे? काही अडचण आहे का घरात?"

"न्हाय न्हाय. अडचन कसली. फी भरायचीय. आज शेवटचा दिस हाय."

"मुलाची?"

"माजी."

ओढणीवाली मुलगी सीटवरून पुढं झुकली.

"तुमची?"

"बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्साची. ऑनलाइन करती."

परांजप्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पहिल्या वर्षाला अकाउंट्समधे किती?"

"बासष्ट."

"बरे आहेत. फार नाहीत." त्यांनी डब्याच्या पिशवीतून फोन काढला, काही तरी पुसून टाकलं, आणि म्हणाले, "विद्यार्थ्यांशी घासाघीस करू नये, असा काही नियम आमच्या सोसायटीत नाही. पण सेक्रेटरी मीच आहे. तीन पोती माझी. सांगाल तो भाव. आणि पुढच्या वर्षी भिजलेल्या आणायच्या नाहीत."

तेवढ्यात ओढणीवाल्या मुलीनं ओढणी खाली घेतली. तिचं नाव चैताली, वर्ध्याची. "काकू, भोक पाडलेल्या नाहीत का? आमच्याकडे होळीला चाकोल्यांची, भोकाच्या छोट्या गोवऱ्यांची माळ करतात. आम्ही मैत्रिणी पाच जणी राहतो, गच्चीवर छोटीशी होळी करू म्हणतोय."

"भोक काय, मी आत्ता पाडून दिते की! हेअरपिन हाय का कुनाकडं?"

मग काय विचारता. चौक सुटेना आणि बसमधे बाजार भरला. कुणाला वास्तुशांतीला हवी, कुणाच्या आईनं सांगितलेली, कुणी नुसतीच हौस म्हणून दोन घेतल्या. मुक्ताईच्या फोनवर पैसे पडल्याचा आवाज एकामागून एक, जसे पत्र्यावर थेंब. चैताली तिच्याशेजारी बसून पिन खुपसत होती, तिची नखं शेणानं भुरकट झाली, आणि ती सगळ्यांना दाखवत होती, "बघा, नेल आर्ट!" हिंमतराव आरशातून बघत होता. तो इतका हसत होता की सिग्नल सुटल्याचं त्याला मागच्या भोंग्यांनी सांगितलं.

कोथरूडला माणसं उतरली, पोती उतरली. परांजपे जाता जाता म्हणाले, "हिंमतराव, उद्या काचा उघड्या ठेवून गाडी धुवा. सुगंध एक दिवस पुरतो." आणि गेले.

रिकामी बस रस्त्याकडेच्या पांगाऱ्याखाली उभी राहिली. पांगारा लाल फुलांनी पेटला होता. हिंमतरावनं इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटवर येऊन बायकोशेजारी बसला. मुक्ताईनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग कॉलेजचं पान उघडलं. आकडे घातले. बोट बटणाच्या वर तसंच धरलं.

"दाब की," तो म्हणाला.

"तुमी दाबा."

"मी का? शेनाचा पैसा सुनेचा. मला विचारायचा बी हक न्हाय."

तिनं दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. आणि मग हिरवी खूण उमटली. पैसे मिळाले. वर्ष दुसरे. विद्यार्थिनीचे नाव तिचंच होतं, सगळं, बापाच्या ठिकाणी नवऱ्याच्या नावासकट. तिनं ते तीनदा वाचलं. नवऱ्यानं तिच्या केसातली भुशाची काडी काढली आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आता म्हातारीचं काय?"

घरी पोचेपर्यंत सांज झाली होती. अंगण सारवलेलं, रांगोळी टाकलेली. देवापुढं पाट मांडलेला, आणि पाट रिकामा. आळीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. गेनबाची मंदाकिनी सगळ्यांत पुढं; तिच्या सुनेनं एअर फ्रायर मांडला होता, तो सगळ्यांनी आत्ताच बघून झाला होता.

"काय आनलं गं मुक्ते?" मंदाकिनीनं विचारलं. "काढ की पिशवीतनं."

मुक्ताईच्या हातात पिशवी नव्हती. तिनं सासूकडं बघितलं. इंदुबाईचा चेहरा सारवल्या भिंतीसारखा, काही दिसेना. मुक्ताईनं फोन काढला, हिरवी खूण उघडली आणि फोन पाटावर ठेवला.

बायका वाकून बघू लागल्या. कुणी म्हणालं, "फोन घेतला व्हय?"

"हा तर जुनाच हाय," इंदुबाई म्हणाली. ती पुढं आली आणि फोन उचलून तिनं मुक्ताईच्या हातात परत दिला. "जुनी वस्तू पाटावर मांडायची न्हाय. फी भरलीस?"

"भरली, आत्याबाई."

"मग घेतलेलं कुटं ऱ्हातंय ते?"

 मुक्ताईनं कपाळाला बोट लावलं. "हितं."

"मग ते पाटावर सुट्टं कसं यील?" म्हातारी खेकसली. "बस."

"कुटं?"

"पाटावर! माज्या घराचा पाट रिकामा ऱ्हात न्हाय."

मुक्ताई बसली. पाय कसे घ्यावेत तिला सुचेना. नवी वस्तू आधी पुसून घेतात. इंदुबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि सुनेचं तोंड पुसलं, कपाळ, गाल, कानामागची भुशाची रेघ. मग हळद लावली, मग कुंकू. हात खरखरीत होते आणि फार सावकाश फिरत होते.  म्हातारीनं घसा साफ केला.

*हंड्याला गं पोचा येतो, झिजून जातं जोडवं,*
*माझ्या सुनेनं आणलं बाई, चोराला ते न सापडावं.*

*दुधाचा गं पैसा गेला, घर माझं शाकारिलं,*
*शेणाच्या गं पैशापायी दार नवं उघडिलं.*

मुक्ताईचे डोळे भरून वाहू लागले आणि हळदीला ओघळ आला. "आता हे काय," इंदुबाई पुटपुटली, "वस्तू गळकी निघाली की काय." तसं सगळ्या बायकांना हसू आवरेना.

आळीत नवं भांडं पाटावर आलं की ते वाजवून बघतात, फसवणूक नको. मंदाकिनी पुढं सरकली, बोट दुमडलं आणि तिनं मुक्ताईच्या डोक्यावर हलकेच टकटक केलं. कान लावून ऐकलं.

"काय म्हनतंय गं?" मागून कुणी विचारलं.

"आवाज बरा हाय. पन पुरतं भरलेलं न्हाय."

"एकाच वर्साचं भरलंय, मावशी," मुक्ताई हसत, रडत पाटावरून म्हणाली. "दुसरं उद्यापासनं भरायला घेते."